यकृताचा कर्करोग टाळता येतो का? हिपॅटायटिस, लस, दारू आणि खाण्यापिण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी रुग्णालयात हिपॅटायटिसच्या रुग्णांशी बोलणं, त्यांना रिपोर्ट समजावून सांगणं, घरच्यांना तपासणीला बोलावून घेणं हे माझं रोजचं काम. हिपॅटायटिस म्हणजे यकृताला येणारी सूज, बहुतेकदा विषाणूमुळे येणारी; ए, बी, सी, ई ही त्या विषाणूंची नावं. मी या कामाकडे वळले ते मामामुळे. मामा सत्तेचाळिसाव्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने गेला. माळकरी माणूस, दारूचा थेंब कधी घेतला नाही. पोट फुगलं म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा गाठ बारा सेंटिमीटरची झाली होती. त्याच आठवड्यात पहिल्यांदा कळलं, की त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे आणि तो बहुधा लहानपणापासून आहे. वीस वर्षं आधी कुणी एक साधी रक्ततपासणी करायला सांगितली असती तर, हा विचार अजून जात नाही. खालचे प्रश्न रोज माझ्या टेबलासमोर बसून माणसं विचारतात ते आहेत.

यकृताचा कर्करोग होतो तरी कशामुळे?

बहुतेक वेळा यकृताला वर्षानुवर्षं आलेल्या सुजेमुळे. पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. जखम भरताना कातडीवर जसा व्रण राहतो तसे व्रण यकृतावर साठत जातात, ते टणक आणि गाठीगाठींचं होतं. यालाच सिरॉसिस म्हणतात. सतत नव्या पेशी बनवण्याच्या या धडपडीत कधीतरी एखादी पेशी बिघडते आणि बेबंद वाढू लागते. या सगळ्याला साधारणपणे वीस-तीस वर्षं लागतात, म्हणजे मध्ये पडून ते थांबवायला आपल्याला तेवढाच वेळ असतो.

सूज आणणारी मुख्य कारणं म्हणजे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू आणि लठ्ठपणा-मधुमेहातून येणारं फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठणं. त्यात बुरशी लागलेल्या धान्याची आणि तंबाखूची भर पडते. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर स्वतःचा अंश आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो. मामाचं तसंच झालं असावं असं डॉक्टर म्हणाले. बी आणि सी हे दोन्ही विषाणू माणसात कर्करोग घडवतात, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच शिक्कामोर्तब केलं आहे.

लहानपणी कावीळ झाली होती. मला धोका आहे का?

बहुधा नाही. कावीळ हे लक्षण आहे. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अन्नावरची वासना जाणं हे कुठल्याही कारणाने यकृत दुखावलं की होतं. लहानपणी शाळेत चार-पाच मुलांना एकदम झाली असेल, तर ती दूषित पाण्यातून आलेली हिपॅटायटिस ए किंवा ई असण्याची शक्यता जास्त. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती पाण्यातून पसरलेल्या हिपॅटायटिस ईची. हा आजार गरोदर बाईला जिवावर बेतू शकतो, साथीत माणसं दगावतात, पण जो बरा होतो त्याच्या शरीरात तो सहसा ठाण मांडत नाही आणि त्यातून कर्करोग होत नाही.

बी आणि सीचं उलट आहे. ते रक्तातून येतात, गाजावाजा न करता येतात आणि वर्षानुवर्षं राहतात. बऱ्याच रुग्णांना आयुष्यात कधीच कावीळ झालेली नसते. ‘मला कधी कावीळ नाही झाली, मग हे कुठून आलं?’ असं विचारणारे माझ्यासमोर आठवड्यातून दोघे-तिघे तरी असतात.

मला काहीच त्रास नाही. मग तपासणी कशाला?

त्रास नाही म्हणूनच. यकृत फार सहनशील आहे. निम्म्याहून जास्त खराब झालं तरी उरलेल्या भागावर ते कारभार रेटत राहतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पाय सुजणं, पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी ही लक्षणं फार उशिराची.

आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण अमिताभ बच्चन यांचं. १९८२ साली चित्रीकरणातल्या अपघातानंतर त्यांना अनेक रक्तदात्यांचं रक्त द्यावं लागलं आणि त्यातून हिपॅटायटिस बी शिरला. पुढची बरीच वर्षं त्यांना याची कल्पना नव्हती. कळलं तेव्हा यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. इतक्या मोठ्या माणसाचं असं होतं, तर बाकीच्यांचं काय सांगावं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीत नाही. कोकणातली कितीतरी तरुण मुलं आखातात नोकरीला निघतात, व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह येते आणि तिथे त्यांना पहिल्यांदा समजतं. नोकरी हुकल्याचं दुःख मी त्यांच्या डोळ्यांत पाहते. तरीही मनातून वाटतं, की पंचविशीत कळलं हे याचं नशीब. मामाला ते मिळालं नाही.

कोणती तपासणी करायची आणि ती कुणी करायची?

दोन नावं लिहून घ्या. हिपॅटायटिस बीसाठी ‘एचबीएसएजी’, सीसाठी ‘अँटी-एचसीव्ही’. दोन्ही एकाच वेळी काढलेल्या थोड्याशा रक्तावर होतात, उपाशीपोटी यावं लागत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर प्रत्येक प्रौढ माणसाने आयुष्यात एकदा तरी ती करावी. पण काहींनी अजिबात टाळू नये. आई, भाऊ, बहीण किंवा नवरा-बायको यांपैकी कुणी पॉझिटिव्ह असेल, घरात कुणी यकृताच्या कर्करोगाने किंवा सिरॉसिसने गेलं असेल, २००२च्या आधी कधी रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल, थॅलेसेमियासाठी वारंवार रक्त घ्यावं लागत असेल, कधीकाळी सुईने नशा केली असेल, तर आजच जा. गरोदर बाईची तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाची व्हायला हवी, आणि यात मी डॉक्टर-नर्सच्या बरोबरीने वॉर्ड साफ करणाऱ्या मावशींनाही धरते. वापरलेल्या सुया कचऱ्यातून त्यांच्याच हाताला टोचतात.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन ‘हिपॅटायटिसची ओपीडी कुठे?’ असं विचारा. (२८ जुलै हा बारूक ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. हिपॅटायटिस बीचा विषाणू त्यांनी शोधला, त्यासाठी १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. जागतिक हिपॅटायटिस दिन याच दिवशी असतो.)

बाळाला जन्मल्याबरोबर लस का? सव्वा महिन्यानंतर नाही चालणार?

नाही चालणार. या एका प्रश्नावर मी कुणाशीही कितीही वेळ बोलायला तयार असते.

हिपॅटायटिस बीचं एक वैशिष्ट्य आहे. धडधाकट मोठ्या माणसाला तो झाला, तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त लोकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला मिळाला, तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या शरीरात तो कायमचा राहतो. बाळाच्या प्रतिकारशक्तीला तो परका आहे हेच अजून ओळखता येत नाही. आणि पुढे सिरॉसिस, कर्करोग होतो तो मुख्यतः अशा लहानपणीच लागण झालेल्या माणसांना, ऐन चाळिशी-पन्नाशीत, घर चालवण्याच्या वयात.

म्हणून पहिला डोस चोवीस तासांच्या आत हवा, त्याला जन्मडोस म्हणतात. नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लशीतून पुढचे डोस मिळतात. ती एकच सुई घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब (मेंदूज्वर आणि न्यूमोनिया घडवणारा जंतू) आणि हिपॅटायटिस बी अशा पाचांपासून वाचवते.

प्रसूती कक्षाबाहेर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आजी बसलेली असते. सिस्टर लस घेऊन आल्या की ती बाळाला छातीशी धरते आणि म्हणते, ‘अहो, एवढ्याशा जिवाला आत्ताच सुई? अजून नीट डोळेसुद्धा उघडले नाहीत त्याने.’ तिची माया खरी आहे. मी शेजारी बसते आणि सांगते, की आजी, ही सुई कर्करोग टाळणारी आहे, हा पन्नास वर्षांचा झाला की कामाला येईल. मांडीवर अर्ध्या मिलीलिटरची सुई टोचली जाते, बाळ दहा सेकंद रडतं, मग अंगावर घेतलं की शांत होतं. घरी बाळंतपण झालं, रात्रीचं झालं, रविवार होता, अशा कारणांनी हा डोस अजूनही चुकतो. आशाताईंना आधीच सांगून ठेवा आणि डिस्चार्जच्या आधी बाळाच्या कार्डावर त्याची नोंद आहे ना, हे स्वतः पाहा.

याने खरंच कर्करोग कमी होतो का? होतो, आणि ते तैवानने दाखवून दिलं. तिथे हिपॅटायटिस बी घरोघरी होता. १९८४ च्या जुलैत त्यांनी नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली, आधी पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना आणि मग सगळ्यांना. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण त्याआधी लाखात ०.७० होतं, ते १९९० ते ९४ या काळात ०.३६ वर, म्हणजे निम्म्यावर आलं. एखाद्या लशीने माणसातला कर्करोग कमी केल्याचा जगातला हा पहिला पुरावा.

आईच पॉझिटिव्ह असेल तर बाळ वाचतं का? दूध पाजावं का?

वाचतं, वेळ पाळली तर. बाळाला लशीसोबत दुसऱ्या मांडीवर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन देतात, शक्यतो बारा तासांच्या आत. आईच्या रक्तात विषाणूचं प्रमाण जास्त असेल, तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिला टेनोफोविर या विषाणू दाबणाऱ्या औषधाची गोळी सुरू करतात. म्हणून प्रसूती कुठे करायची ते आधी ठरवा आणि इम्युनोग्लोब्युलिन तिथे उपलब्ध आहे ना, याची आठव्या महिन्यातच खात्री करा. दूध जरूर पाजावं, हिपॅटायटिस बी दुधातून जात नाही. स्तनाग्राला भेगा पडून रक्त येत असेल, तर तेवढ्यापुरतं डॉक्टरांना विचारा.

मी चाळिशीचा आहे. आता लस घेऊन उपयोग?

आहे. आधी एचबीएसएजी करा. निगेटिव्ह असेल आणि पूर्वी लस झालेली नसेल, तर तीन डोस घ्यायचे: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिसरा डोस विसरणारे फार. मोबाइलमध्ये आत्ताच तारीख टाका. भारतात सार्वत्रिक लसीकरणात ही लस देशभर पोचायला २०११ साल उजाडलं, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना ती मिळालेली नाही, हे ध्यानात ठेवा.

एकेकाळी ही लस परदेशातून यायची आणि सामान्य माणसाला परवडायची नाही. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती देशात तयार केली आणि किंमत धाडकन खाली आली. आज खर्च हे ती न घेण्याचं कारण उरलेलं नाही.

हिपॅटायटिस सीची लस घेतली तर?

सीची लस अजून निघालेली नाही. पण त्यावर औषध आहे, आणि ते थेट बरं करतं. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर अशा दोन गोळ्या, रोज एकदा, बहुतेकांना बारा आठवडे. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. सिरॉसिस असेल तर औषध किंवा मुदत बदलते. पूर्वी यासाठी सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यावी लागायची, अंगात ताप मुरायचा, केस गळायचे आणि तरी निम्म्याच लोकांना गुण यायचा. ते दिवस पाहिलेल्या सिस्टर सांगतात तेव्हा आजच्या गोळ्यांचं मोल कळतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. बरं झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते. आणि औषधाआधीच सिरॉसिस झालेला असेल, तर विषाणू गेला तरी कर्करोगाची भीती पूर्ण जात नाही, सोनोग्राफी चालूच ठेवायची.

बी पॉझिटिव्ह आलंय. आता सगळं संपलं का?

अजिबात नाही. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा उतरलेला असतो, म्हणून मी आधी पाणी देते आणि मग बोलते. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला लगेच औषध लागतंच असं नाही. विषाणूचं प्रमाण, एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी), यकृत किती टणक झालंय हे पाहून डॉक्टर ठरवतात. औषध लागलंच तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोज एक गोळी. ती विषाणूला समूळ काढत नाही, दाबून ठेवते, आणि तेवढ्यानेही सिरॉसिसचा आणि कर्करोगाचा धोका बराच कमी होतो. ही गोळी मनाने बंद करू नका. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, मग कशाला’ असं म्हणून बंद केलेल्यांचं यकृत अचानक भडकतं, आणि ते भडकणं जिवावर बेतू शकतं.

औषध नको असं सांगितलं असेल, तरी दर सहा महिन्यांनी दाखवायचं. ‘सध्या औषध नको’ याचा अर्थ ‘पुन्हा येऊ नका’ असा करून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत, पाच वर्षांनी पोटात पाणी घेऊन आलेली.

एका ताटात जेवलं, मिठी मारली तर लागण होते का?

नाही. जेवण, पाण्याचा पेला, खोकला, शिंक, एकत्र झोपणारी लेकरं, कशानेही नाही. पॉझिटिव्ह सुनेची भांडी वेगळी करणाऱ्या घरांचा मला मनापासून राग येतो. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर आणि मधुमेहाच्या तपासणीची सुई. ज्या वस्तूला रक्त लागू शकतं ती प्रत्येकाची स्वतंत्र, एवढाच नियम. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात किमान सात दिवस जिवंत राहतो. डाग पुसण्याआधी ब्लीचचं पाणी टाकून थोडा वेळ थांबा आणि हातमोजे घाला. शरीरसंबंधातूनही तो पसरतो, म्हणून जोडीदाराची तपासणी आणि लस लगेच, आणि लशीचे डोस पूर्ण होईपर्यंत निरोध.

पॉझिटिव्ह असल्याचं लग्न जमवताना सांगावं का?

सांगावं. लपवलेलं नंतर कळतं तेव्हा नातं तुटतं, आजाराने तुटत नाही. होणाऱ्या जोडीदाराने तीन डोस घेतले की त्याला किंवा तिला लागण होण्याची भीती जवळपास संपते. दोन्हीकडच्या मंडळींना घेऊन या, मी समजावून सांगते असं मी अनेकांना म्हणते, आणि ते येतातही.

कान टोचणं, गोंदण, न्हाव्याकडची दाढी यात धोका आहे का?

सुई किंवा ब्लेड एकाचं दुसऱ्याला वापरलं तर आहे. बारशानंतर बाळाचे कान टोचायला सोनाराकडे नेतात. सोन्याची तार नवी असते, पण टोचायची सुई तीच असेल आणि नुसती कापडाला पुसली जात असेल, तर थांबा. सीलबंद सुई मागा, नाहीतर दवाखान्यात टोचून घ्या. जत्रेत रांगेने मुलं उभी करून एकाच सुईने नाव गोंदून देतात, तिथे मुलांना जाऊ देऊ नका. केशकर्तनालयात अर्धं ब्लेड नवं घालायला सांगा, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर पाकिटातून निघालं पाहिजे.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘एक सुई मारा’ म्हणतो, त्यात काय वाईट?

गोळीने भागत असेल तर सुई मागू नका. गावाकडे सुई दिली नाही की डॉक्टरने काही केलं नाही असं वाटतं, मग तोही देऊन टाकतो. २००९ साली गुजरातेत मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची साथ उसळली आणि कित्येक जणांचे जीव गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याचं तपासात पुढे आलं होतं. सुई लागलीच, तर सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. यात कुणाचा अपमान नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही.

काविळीची माळ, उतारा, गावठी औषध यांनी गुण येतो ना?

ए आणि ई बहुतेकांचे आपोआप बरे होतात, म्हणून माळेला श्रेय मिळतं. वनस्पतीच्या ओल्या काड्यांची ती माळ काड्या वाळल्या आणि गाठी सैल झाल्या की लांबते, कावीळ उतरली म्हणून नाही. हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळं होतं, ते कुणाचेही हात असले तरी होतं.

माळ घातल्याने नुकसान होत नाही, नुकसान होतं ते वाट पाहण्यात. बी आणि सी माळेने जात नाहीत, आणि ‘उतरली’ म्हणून घरी बसलेला माणूस पुढची वीस वर्षं तपासणी करत नाही. नाकात औषध पिळणं, मनगटावर डाग देणं मात्र थेट घातक आहे. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. ज्याचं यकृत आधीच दुखावलेलं आहे, त्याने कुठलाही काढा, भस्म किंवा चूर्ण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, एवढं मी ठामपणे सांगते.

थोडी दारू चालते का? आठवड्यातून एकदा?

कर्करोगाच्या बाबतीत सुरक्षित असं प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं. जितकी कमी तितका धोका कमी. हिपॅटायटिस, फॅटी लिव्हर किंवा सिरॉसिस असेल तर एक थेंबही नको.

‘मी फक्त बिअर घेतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब मांडते. तीस मिलीचा व्हिस्कीचा एक छोटा पेग म्हणजे साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे साधारण एकेचाळीस ग्रॅम, म्हणजे चार पेग. यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही, त्याला अल्कोहोलच दिसतं. आणि ज्याला रोज प्यायची सवय आहे, त्याने एकदम बंद करताना डॉक्टरांना सांगावं. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं आणि त्यावर औषध असतं. घरच्यांनी कोंडून ठेवून दारू सोडवू नये.

मी पीत नाही, तरी सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं. घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून रिपोर्ट कपाटात टाकायचाही नाही. पोटावरची चरबी, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्याबरोबर यकृतात चरबी साठते, काहींच्यात तिथे सूज येते आणि पुढची वाट तीच, सिरॉसिसची. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आणि बाईची ऐंशीच्या आत हवी. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर धरून मोजा, पोट आत न ओढता.

वजन शेकडा पाचने उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, सात ते दहाने उतरलं तर सूजही ओसरते. ऐंशी किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो. ते महिन्यात करायचं नाही, सहा-आठ महिन्यांत करायचं. भाकरी, पिठलं, पालेभाजी, उसळ, ताक हे आपलं जेवण मुळात चांगलंच आहे. बिघडतं ते चार वेळच्या गोड चहाने, त्यासोबतच्या बिस्किटांनी, फरसाणाने आणि थंड पेयांनी. आधी चहाची साखर निम्मी करा. रोज अर्धा-पाऊण तास दम लागेल असं चाला. मधुमेह असेल तर तो ताब्यात ठेवा. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर प्या, कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी आढळतो.

शेंगदाण्यांचा आणि कर्करोगाचा काय संबंध?

शेंगदाण्याचा नाही, त्याच्यावरच्या बुरशीचा. दमट हवेत शेंगदाणा, मका, सुकं खोबरं, मिरची यांवर एक पिवळसर-हिरवी बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर आदिवासी माणसं गेली, ती याच विषाने. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर ते यकृताचा कर्करोग घडवतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. भाजल्याने, शिजवल्याने हे विष पुरतं जात नाही.

आपल्या घरात कूट रोज लागतो, म्हणून हे महत्त्वाचं. माझी आजी भाजण्याआधी शेंगदाणे सुपात पसरायची, सुरकुतलेले, काळपट, फुटके, बुरशीचे दाणे बोटाने बाजूला सारायची. ‘एक कडू दाणा अख्खा कूट घालवतो’ असं म्हणायची. तिला अफ्लाटॉक्सिन माहीत नव्हतं, पण करत होती ते अगदी बरोबर होतं. बाजारातून आणलेला तयार कूट कसल्या दाण्यांचा आहे ते कळत नाही, म्हणून दाणे आणा, निवडा, थोडे थोडे भाजा. पावसाळ्यात वर्षाचं साठवण घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. निवडलेले खराब दाणे कोंबड्यांना किंवा गुरांना घालू नका. दुभत्या जनावराच्या पोटातून त्या विषाचा अंश दुधात उतरतो.

सिरॉसिस आहे. कर्करोग लवकर कळेल असं काही आहे का?

आहे. दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ततपासणी. हिपॅटायटिस बी असलेल्या चाळिशीपुढच्या पुरुषांनी, पन्नाशीपुढच्या बायकांनी आणि घरात यकृताचा कर्करोग झालेला असेल त्यांनी सिरॉसिस नसला तरी हे करावं. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली, तर ती शस्त्रक्रियेने काढता येते, सुई घालून जाळता येते, काहींना प्रत्यारोपणही होऊ शकतं. सहा महिने म्हणजे सहाच, ‘दिवाळी झाल्यावर बघू’ असं नाही.

जुने रिपोर्ट सांभाळून ठेवायचे का?

सगळे, तारखेनुसार, एका प्लास्टिकच्या पिशवीत. सोनोग्राफीत आज दिसलेला ठिपका नवा आहे की पाच वर्षांपासूनचा, हे जुन्या रिपोर्टाशिवाय सांगता येत नाही. आणि घरातल्या कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल, तर त्याची एक झेरॉक्स सगळ्या भावंडांकडे असू द्या.

मामा गेल्यावर तेराव्याला जमलेल्या सगळ्या नातेवाइकांना मी एकत्र बसवून तपासणीला चला म्हटलं होतं. दोघे-तिघे चिडले, आजच्या दिवशी हे काय असं म्हणाले. मामी उठली आणि आधी स्वतः निघाली. त्या दिवशी अकरा जणांचं रक्त घेतलं, धाकटा मामा आणि मामेभाऊ पॉझिटिव्ह निघाले. मामेभाऊ आता गोळी घेतो. त्याची पिशवी निळ्या रंगाची आहे, त्यात नऊ सोनोग्राफींचे रिपोर्ट आहेत, आणि दहाव्याची तारीख मामीने कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.